वरातींतलें संगीत आणि आमची रसिकता

शीळफाट्यावर ज्यास कधीं अर्धा-पाऊण तास खोळंबून राहावें लागलें नाहीं, असा मनुष्य ठाणें-कल्याणच्या मुलुखांत सांपडणें कठीण. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता, कल्याण-डोंबिवलीकडून येणारा रस्ता आणि महाप्याकडे वळणारा रस्ता असे तीन प्रवाह येथें एकमेकांवर येऊन आदळतात; आणि मालमोटारींच्या रांगेंत अडकलेल्या प्रवाशास विचार करण्याखेरीज दुसरा उद्योग उरत नाहीं. गेल्या वैशाखांतल्या एका संध्याकाळीं आमची अशीच गत झाली होती. गाडीची कांच खालीं केली तों कानांवर बॅण्डचे सूर आले. शेजारच्या गांवची वरात होती. मळलेल्या लाल गणवेषांतलीं दहाबारा माणसें रस्त्याच्या कडेनें वाजवीत चाललीं होतीं आणि त्यांच्या म्होरक्या म्हाताऱ्यानें क्लॅरिओनेटवर भीमपलासांतलें एक जुनें नाट्यपद धरलें होतें. प्रथम आम्ही त्रासलों, मग ऐकूं लागलों, आणि थोड्याच वेळांत पुढची गाडी हलूं नये असें आम्हांस वाटूं लागलें. कोमल गंधारावर तो ज्या रीतीनें उतरत होता, ती रीत पुस्तकांत शिकविली जात नाहीं.

तेवढ्यांत समोरून दुसरी वरात आली. तिच्यापुढें माणसें वाजवीत नव्हतीं. एका उघड्या ट्रकवर ध्वनिक्षेपकांची भिंत रचलेली होती. ती जवळ येतांच क्लॅरिओनेट बुडालें. पाठोपाठ ट्रंपेट बुडाले, आणि शेवटीं ढोलहि ऐकूं येईना. म्हाताऱ्यानें वाद्य ओठांवरून काढलें, पत्ती पुसली, तीवर टोपण घातलें आणि तो हात बांधून उभा राहिला. आपल्या वरातीचें वाजणें थांबलें आहे हें वरातींतल्या मंडळींच्या ध्यानींहि आलें नाहीं. तीं दुसऱ्यांच्या तालावर नाचतच राहिलीं.

हा प्रसंग क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. आम्हीहि तसेंच म्हटलें असतें. परंतु संगीतावर चार शब्द लिहिणें हा आमचा बरींच वर्षें व्यवसायाबाहेरचा छंद आहे, आणि त्या रात्रीं घरीं आल्यावर आमचेच जुने लेख चाळतांना आम्हांस एक गोष्ट लाजवून गेली. घराण्यांच्या गायकीवर आम्हीं लिहिलें, नाट्यसंगीताच्या उतरत्या कळेवर लिहिलें, भावगीतावरहि लिहिलें. परंतु जें संगीत आमच्या दारावरून शेंकडों वेळां गेलें, त्या बॅण्डवर आम्हीं एक ओळहि लिहिली नाहीं. आम्हींच नव्हे, मराठींत फारसें कोणींच लिहिलें नाहीं. आमच्या वाजंत्र्यांवरचा सविस्तर ग्रंथ २००५ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला, आणि तो लिहिणारे ग्रेगरी बूथ हे न्यूझीलंडांतील ऑकलंड येथील प्राध्यापक! जी गोष्ट परक्यास सातासमुद्रांपलीकडून दिसली ती आमच्या ओट्यावरून आम्हांस कां दिसूं नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बॅण्ड हें इंग्रजांचें उष्टें, त्यांत परीक्षण करण्यासारखें काय आहे, असा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. हा आक्षेप इतिहासाच्या अज्ञानांतून निघाला आहे. पितळी वाद्यांना सर्व स्वर सुलभपणें देणारे पडदे जर्मनींत एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत निघाले, आणि आडोल्फ साक्स यानें सॅक्सोफोनची सनद पॅरिसमध्यें १८४६ सालीं घेतली. म्हणजे ज्यास आपण आज बॅण्ड म्हणतों तो युरोपांतहि फार जुना नाहीं. इंग्रजी फौजेची वादनशाळा नेलर हॉल येथें १८५७ सालीं निघाली. तिच्याहि कितीतरी आधीं मराठी बोलणाऱ्या एका राजानें आपल्या दरबारीं पाश्चात्य वाद्यांचा ताफा बाळगला होता. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. श्वार्ट्झ नांवाच्या मिशनऱ्याच्या हाताखालीं शिकलेल्या या राजानें ग्रंथ जमविले, वैद्यक अभ्यासिलें आणि त्याबरोबरच परदेशी वाद्यांनाहि घरांत घेतलें. त्याच मुलुखांत मुत्तुस्वामी दीक्षितरांनीं इंग्रजी पलटणींच्या बॅण्डांतल्या चाली ऐकून त्यांवर संस्कृत पदें रचिलीं, आणि तीं आजहि तेथें मुलांना शिकविलीं जातात. पुढें क्लॅरिओनेट त्या प्रांतांत नृत्याच्या साथीस आलें, आणि अखेर ए. के. सी. नटराजन यांच्या हातीं तें स्वतंत्र मैफलीचें वाद्य ठरलें. द्रविड देशांत जी वस्तु पालखीबरोबर आली आणि बैठकीवर बसली, तीच वस्तु आमच्याकडे पालखीबरोबर आली आणि रस्त्यावरच उभी राहिली. दोष वाद्याचा असता तर तो दोन्ही ठिकाणीं दिसावयास हवा होता.

उत्तरेकडची परंपराहि आमच्या परिचयाची आहे. बडोद्यास सयाजीरावमहाराजांच्या आश्रयानें मौलाबक्षांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढली, स्वरलिपीचा आग्रह धरला, आणि त्यांचे एक चिरंजीव विलायतेस जाऊन पाश्चात्य संगीत शिकून परत आले. गोव्यांत तर चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त गांवांतल्या पोरांना नोटेशन वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. तीं पोरें पुढें पोटासाठीं मुंबईस, कलकत्त्यास, संस्थानांत आणि पलटणींत गेलीं. मैहरच्या अल्लाउद्दीनखांसाहेबांनीं कलकत्त्यास असतांना लोबो नांवाच्या गोमंतकीय बॅण्डमास्तरापाशीं पाश्चात्य वादनाचे धडे घेतले; आणि पुढें १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगांत पोरकीं झालेलीं मुलें जमवून त्यांचाच एक बॅण्ड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचें नलतरंग बनविणारा तो मैहर बॅण्ड आजहि विद्वानांच्या चर्चेंत आदरानें येतो. मात्र त्याच्यामागें उभा असलेला तो गोमंतकीय बॅण्डमास्तर कोणास आठवत नाहीं. मुंबईच्या बोलपटांचेंहि असेंच. १९५१ च्या ‘अलबेला’तलीं चित्तवेधक गाणीं सी. रामचंद्रांचीं म्हणून आपण मानतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांचे साहाय्यक चिक् चॉकोलेट या नांवानें ओळखले जाणारे गोमंतकीय ट्रंपेटवादक होते हें किती रसिकांस ठाऊक आहे?

आतां लग्नाच्या बॅण्डाकडे वळूं. तो आमच्याकडे कोणी उचलला? ज्यांच्या हातीं सनई, संबळ, डफ आणि ताशा पिढ्यान् पिढ्या होता त्यांनीं. घडशी, गुरव, होलार, मांग अशा समाजांतल्या वादकांनीं हीं नवीं वाद्यें आपलींशीं केलीं. मेरठेच्या कारखान्यांतून पितळी वाद्यें येऊं लागलीं, पलटणींतून सुटलेल्या वादकांनीं हात धरून शिकविलें, आणि शहराशहरांतून बॅण्डकंपन्या उघडल्या. पुण्याच्या विसर्जन-मिरवणुकींत ‘प्रभात’ आणि ‘दरबार’ या बॅण्डांचीं नांवें जाणत्या माणसांच्या तोंडीं असतात तीं उगीच नव्हेत. परंतु वाद्य बदललें तरी वाजविणाऱ्याचें सामाजिक स्थान बदललें नाहीं. सनईवाला जेथें बसत असे तेथेंच बॅण्डवाला बसविला गेला, म्हणजे मांडवाबाहेर. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनें गांवकीचीं लाजिरवाणीं कामें सोडा असें सांगितलें तेव्हां अनेकांनीं वाजविणेंहि सोडलें, आणि त्यांस कोण बोल लावील? ज्या समाजानें कलेस कामगिरी आणि कलावंतास बलुतेदार मानलें, त्यानेंच आपल्या कानांचें हें नुकसान ओढवून घेतलें.

परीक्षकानें केवळ कणव दाखवून भागत नाहीं. गुणदोष सांगितले पाहिजेत. बॅण्डावरचा विद्वानांचा मुख्य आरोप असा कीं, त्यांत स्वरमेळ नाहीं. सर्वजण एकच चाल एकाच वेळीं वाजवितात आणि त्यामुळें युफोनियमसारखें मोठें वाद्य निव्वळ लहानांची री ओढीत बसतें. यांत तथ्य आहे. परंतु आमचें असें निरीक्षण आहे कीं, चांगल्या बॅण्डाची रचना विलायती वृंदवादनाची नसून आपल्या भजनाची आहे. म्होरक्या ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात; पुन्हा तो थोडी फिरवून टाकतो, पुन्हा ते उचलतात. टाळकऱ्यांनीं बुवांची ओळ झेलावी तसें हें आहे. म्होरक्याच्या आणि ताफ्याच्या वाजविण्यांत जो केसभर फरक राहतो, तोच या संगीताचा रंग होय. दुसरा आरोप मींडेचा. ट्रंपेटच्या तीन पडद्यांतून मींड निघत नाहीं हें खरें. परंतु अर्धवट दाबलेल्या पडद्यांतून आणि ओठांच्या दाबांतून हे लोक जें काढतात तें मींडेच्या फार जवळ जातें. क्लॅरिओनेटवर तर बोट भोंकावरून हळूंहळूं सरकवून स्वर वितळवितां येतो, आणि म्हणूनच जुन्या साध्या पद्धतीच्या क्लॅरिओनेटची आमच्या वादकांस गोडी. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटच्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांस हें अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

बारा समान स्वरांच्या परदेशी वाद्यांत आपलें संगीत बसेल काय, हा वाद आमच्याकडे पेटीवरून पुष्कळ झाला. नभोवाणीनें १९४० सालीं पेटीस बंदी केली, आणि ती सैल व्हावयास तीसएक वर्षें लागलीं. त्या वादांत मोठमोठ्या माणसांनीं भाग घेतला, कारण पेटी आपल्या दिवाणखान्यांत होती आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांची बोटें तिच्यावर फिरत होतीं. तोच प्रश्न बॅण्डाविषयीं कोणीं विचारलाहि नाहीं. ज्या वस्तूस आपण आपली मानतों तिच्याविषयीं आपण भांडतों. बॅण्डाविषयीं आपण भांडलों नाहीं, यांतच सर्व आलें.

आणि तरीहि हा बॅण्ड एकदां राष्ट्राच्या फार मोठ्या प्रश्नांत तराजू होऊन बसला होता. स्वतंत्र भारताचें राष्ट्रगीत कोणतें असावें याची चर्चा चालली असतां पंडित नेहरूंनीं २५ ऑगस्ट १९४८ रोजीं घटनासमितींत जें निवेदन केलें, त्यांत वाद्यवृंदावर आणि बॅण्डावर गीत कसें वाजेल यास मोठें महत्त्व दिलें होतें. ‘वंदे मातरम्’ बॅण्डावर वाजूं शकतें हें सिद्ध करण्यासाठीं आमचे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं किती खटपट केली, बॅण्डाच्या वादकांना हाताशीं धरून तशी रचना बांधली आणि ती दिल्लीस नेऊन ऐकविली, हें महाराष्ट्रानें विसरतां कामा नये. निर्णय २४ जानेवारी १९५० रोजीं ‘जनगणमन’च्या बाजूनें लागला, ‘वंदे मातरम्’ला समान मान देण्यांत आला, आणि तो वाद संपला. आमचा मुद्दा निराळा आहे. मास्टर कृष्णरावांसारख्या, भास्करबुवांच्या तालमींत तयार झालेल्या गवयास बॅण्डवाल्यांच्या शेजारीं उभें राहून त्यांच्या वाद्यांच्या मर्यादा आणि सामर्थ्य समजून घेण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग तो आपल्यासारख्या केवळ ऐकणाऱ्यांस कां वाटावा?

इंग्लंडांत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला. तेथील गिरण्यांतले विणकर आणि खाणींतले मजूर संध्याकाळीं एकत्र जमून वाजवूं लागले. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेंत १८५३ सालीं त्यांच्या बॅण्डांच्या मोठ्या चढाओढी सुरू झाल्या. ब्लॅक डाइक गिरणीचा बॅण्ड तर गिरणीच्या मालाइतकाच नांवाजला. तेथें बॅण्ड हा गांवाचा असतो. वाजविणारा दिवसा सुतार असेल, रात्रीं कॉर्नेटवादक असेल, आणि ऐकणारा त्याचा शेजारी असतो. आमच्याकडे वाजविणारा आणि ऐकणारा यांच्यामध्यें बिदागीचें पाकीट उभें राहिलें. इंग्रजांनीं मुंबईस कूपरेजच्या मैदानावर बॅण्डसाठीं चौथरा बांधला होता. आम्हीं त्यांच्यापासून इमारती, कचेऱ्या आणि क्रिकेट घेतलें, परंतु चौथऱ्याभोंवतीं बसून बॅण्ड ऐकण्याची संवय मात्र घेतली नाहीं.

गांवाचा बॅण्ड म्हणावा अशी वस्तु आमच्याकडे अगदींच नाहीं काय? आहे, आणि ती याच शीळ-डायघर-खिडकाळीच्या पट्ट्यांत आहे; परंतु सुशिक्षितांच्या दृष्टीनें ती बॅण्डाहूनहि खालची. ती म्हणजे बेंजो पार्टी. ज्यास आगरी-कोळी मंडळी बेंजो म्हणतात तें वाद्य अमेरिकेंतल्या बॅन्जोचें नात्यागोत्याचेंहि नव्हे. जपानांतल्या नागोया शहरीं मोरिता गोरो नांवाच्या गृहस्थानें १९१२ सालीं तारांवर टंकलेखन-यंत्रासारख्या कळा बसवून तें निर्माण केलें. आपल्याकडे तें बुलबुलतरंग या गोड नांवानें आलें, बाजारांत मुलांचें खेळणें म्हणून विकलें गेलें, आणि मग कोणातरी हुशार माणसानें त्यास वीज जोडली. ढोलकी, ताशा आणि ढोल यांच्या साथीनें तें आज हळदीच्या रात्रीं आणि मिरवणुकींत जो ठेका धरतें, तो ऐकून पाय हलले नाहींत असा मनुष्य आम्हीं पाहिला नाहीं. आगरी लग्नांत मांडवाच्या आंत धवलारीण धवले गाऊन विधि पार पाडते. तेथें वाद्याची गरजच नसते. बाहेर अंगणांत बेंजो वाजतो. आंत आजीचा आवाज आणि बाहेर नातवाची वीज, अशी ही वांटणी आहे. २०१६ सालीं या वादकांवर रवि जाधव यांनीं एक हिंदी चित्रपट काढला, तेव्हां नागरी प्रेक्षकांस त्यांचें अस्तित्व कळलें. एकाच आळींतलीं पोरें दिवसा नोकरी करून रात्रीं तालमीस जमतात, वर्गणी काढून वाद्यें घेतात, आपल्याच गांवकऱ्यांसमोर वाजवितात. मँचेस्टरच्या विणकरांहून यांत निराळें काय आहे? रचनेंत तोचतोचपणा आहे, कर्कशपणा आहे, चित्रपटगीतांची लाचारी आहे. हे दोष आम्ही लपवीत नाहीं. परंतु दोष दाखविण्याचा अधिकार, जो आधीं ऐकतो त्यासच मिळतो.

येथें आणखी एक विसंगति नोंदविली पाहिजे. डोंबिवलीस १९९९ पासून गुढीपाडव्याची जी स्वागतयात्रा निघते, तिचें अनुकरण सर्व महाराष्ट्रानें केलें. अशा यात्रांतून आतां मध्यमवर्गांतलीं मुलें-मुली फेटे बांधून, कंबरेला ढोल लटकावून तासन् तास वाजवितात आणि त्याचा त्यांच्या आईबापांस अभिमान वाटतो. आम्हांसहि वाटतो. जें वाजविणें कालपर्यंत हलकें होतें तें आज प्रतिष्ठित झालें, हा खचित सुधारणेचा भाग आहे. परंतु जेव्हां तेंच चर्मवाद्य पिढीजात वादक बिदागी घेऊन वाजवितो, तेव्हां त्यास आपण ‘ए वाजंत्री’ म्हणून हांक मारतों. मग प्रतिष्ठा ढोलास मिळाली कीं केवळ तो वाजविणाऱ्या आपल्या मुलास?

आतां एक कबुली. दहाएक वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याचें लग्न एका सभागृहांत झालें. वरपक्षाचे वडीलधारे म्हणून व्यवस्था आमच्याकडे होती. फुलांच्या आराशीस जें पडेल तें आम्हीं निमूट दिलें, आणि बॅण्डाच्या बिदागींत मात्र घासाघीस केली. वरात दाराशीं येतांच पाहुण्यांच्या बोलण्यांत व्यत्यय नको म्हणून आम्हीं वाजविणें बंद करविलें. तेव्हां त्यांतला एक वयस्क वादक पुढें येऊन अदबीनें म्हणाला, “साहेब, मंडळी बसली आहेत तोंवर एक पूरिया वाजवूं का? हळू वाजवितों.” आम्ही म्हणालों, “आतां पुरे.” त्यानें मान लवविली आणि तो गेला. वाजविणाऱ्यांचीं पानें सर्वांच्या शेवटीं, मागच्या मोकळ्या जागेंत मांडलीं गेलीं. तीं तेथें मांडावींत असें आम्हीं सांगितलें नव्हतें, पण मांडूं नका असेंहि सांगितलें नाहीं. त्याच महिन्यांत आम्हीं ‘श्रोते कोठें गेले?’ अशा अर्थाचा एक लेख लिहून संपादकांकडे धाडला होता. तो पूरिया कसा होता हें आतां आम्हांस कधींहि कळणार नाहीं. शीळफाट्यावरच्या म्हाताऱ्यानें वाद्याला टोपण घातलें तेव्हां आम्हांस ट्रकवाल्याचा राग आला. परंतु ट्रक यावयाच्या कितीतरी आधीं त्याच जातीच्या माणसास आम्हीं, एकहि ध्वनिक्षेपक न लावतां, गप्प बसविलें होतें.

ध्वनिक्षेपकांच्या भिंतीविरुद्ध कायदा आहे. २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकांस मनाई केली, निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेलची मर्यादा घालून दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं त्यास पुष्टि दिली. पण कायदा गोंगाट थांबवील. तो क्लॅरिओनेट ऐकावयास कोणास बसविणार नाहीं. तें काम आपलें आहे आणि तें फार अवघडहि नाहीं. ठाण्याचें गडकरी रंगायतन, डोंबिवलीचें सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणचें आचार्य अत्रे रंगमंदिर येथें वर्षांतून एक संध्याकाळ परिसरांतल्या बॅण्डास आणि बेंजो पार्टीस बैठकीवर बसवून ऐकावी. लग्नपत्रिकेंत आपण शंभर नांवें छापतों. त्यांत वाजविणाऱ्या म्होरक्याचें एक नांव छापावें. महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनीं म्हाताऱ्या वादकांकडे जाऊन त्यांच्या जवळच्या चाली ध्वनिमुद्रित कराव्या. परीक्षेसाठीं लिहिल्या जाणाऱ्या कित्येक निबंधांपेक्षां तें काम अधिक टिकेल. आणि जेवणाचीं पानें मांडतांना तीं कोठें मांडलीं जातात इकडे घरच्या वडीलधाऱ्या माणसानें एकदां पाहावें.

वांद्र्याच्या संकुलापासून शीळफाट्यापर्यंत जमिनीखालून आणि खाडीखालून २१ किलोमीटरांचा बोगदा खणण्याचें काम हातीं घेतलें गेलें आहे. वेगवान गाडीनें जाणारी उद्यांची मंडळी या फाट्यावर खोळंबणार नाहीं, आणि खोळंबली नाहीं म्हणजे गाडीची कांच खालीं करण्याचा प्रसंगहि तिच्यावर येणार नाहीं. म्हणून जे आज खोळंबतात त्यांस आमची विनंती आहे कीं, पुढल्या वेळीं वरात आडवी आली तर भोंगा वाजविण्याआधीं घटकाभर ऐकावें, आणि आवडलें तर उतरून म्होरक्याचें नांव विचारावें. त्या संध्याकाळीं रस्ता मोकळा होतांच आम्ही निघून गेलों. तें नांव विचारावयाचें आमच्याकडून राहून गेलें.